शंभर घरं बघा? बडोद्यात तरी नको

जुनं घर घेऊन, दुरुस्त करून विकणाऱ्यांच्या मोबाइलवर एक सल्ला फिरतोय: शंभर घरं बघा, दहांना भाव सांगा, एक घ्या. कागदपत्रं सौदा ठरल्यावर वकील बघेल. बघण्याचं काम रविवारी एका दमात उरका. ऐकायला मेहनती वाटतं, पण वेळ नेमका इथेच वाया जातो.

“शंभर घरं बघा.” नजर बसायला एका भागातली, एका प्रकारची पंधरा-वीस घरं पुरतात. दांडिया बाजारातला लाकडी तुळयांचा वाडा आणि मांजलपूरचा सोसायटीतला फ्लॅट एकाच फेरीत बघितले, तर एकाचा खर्च दुसऱ्याला लावता येत नाही. उरतो तो नुसता पेट्रोलचा खर्च.

“कागदपत्रं नंतर.” सगळ्यात महाग पडणारं वाक्य हे. घरी बसून तासाभरात निम्मी घरं गाळता येतात. ‘गरवी’वरून (गुजरात सरकारचं दस्तनोंदणीचं पोर्टल) इंडेक्स-२, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा उतारा, काढा, सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड बघा, वेराबिलावरचं (घरपट्टीच्या बिलावरचं) नाव आणि थकबाकी ताडून पाहा. जुन्या वाड्याच्या कार्डावर आजोबांचंच नाव असेल, तर वारसाईची नोंद आणि सगळ्या वारसांच्या सह्या होईपर्यंत तिकडे फिरकू नका.

त्याहून मोठी गोष्ट अशांतधारा. बडोद्याचे काही भाग या १९९१च्या कायद्याखाली येतात. तिथे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विक्री कायदेशीर ठरत नाही. दुरुस्त करून विकणाऱ्याला ही परवानगी दोनदा लागते, घेताना आणि विकताना. दोन्ही वेळचं थांबणं तुमच्या पैशावर. म्हणून दलालाला पहिला प्रश्न भावाचा नको, “अशांतधारा लागतो का?” हा हवा. मग गल्ली नेमकी यादीत आहे की नाही, ते स्वतः तपासा.

“रविवारी उरका.” दुपारी साडेबाराच्या उन्हात सगळी घरं कोरडी दिसतात! म्युनिसिपालटीचं पाणी येण्याच्या वेळी जा, जमलं तर पाऊस पडून गेल्यावर. एका घराला चाळीस मिनिटं पुरतात, फक्त क्रम पाळा. आधी गच्ची, मग तिच्याखालच्या खोलीचं छत, मग संडास-बाथरूमच्या मागची भिंत, मग मीटरपेटी. हॉल सगळ्यात शेवटी, कारण रंग तिथेच मारून ठेवलेला असतो. वाड्यात तुळईचं भिंतीत शिरणारं टोक स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. ओल आणि वाळवी तिथूनच सुरू होते. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर केलेलं असेल तर ओल आत कोंडते, वर कितीही रंग मारा, पापुद्रे सुटणारच. समा, अकोटा, वडसरकडे तळमजला बघताना २०१९ आणि २०२४च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा. मालक क्वचितच सांगतो.

“दहांना भाव सांगा.” आकडेमोड न करता सांगितलेला भाव म्हणजे नुसती बडबड. समजा घर ४० लाखांचं आहे. स्टँप ड्युटी ४.९ टक्के आणि नोंदणी १ टक्का मिळून २ लाख ३६ हजार (जंत्रीची, म्हणजे सरकारी दराची, किंमत जास्त निघाली तर त्यावर, खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर नोंदणी फी माफ). दलाली १ टक्का धरली तर ४० हजार, दुरुस्ती ५ लाख. नऊ टक्क्यांनी व्याज महिन्याला ३० हजार, सहा महिन्यांचं १ लाख ८० हजार. बेरीज ४९ लाख ५६ हजार. ५० लाखांना विकून पुन्हा ५० हजार दलाली दिलीत की सहा हजारांचा तोटा. आणि नफा झालाच, तरी दोन वर्षांच्या आत विकलं म्हणून त्यावर सवलतीचा दर नाही, तुमच्या स्लॅबनेच कर. शोधात गेलेल्या महिन्यापेक्षा घेतल्यानंतर अडकलेला महिना महाग, तो असा.

ही बेरीज निघाल्यावरच भाव बोला, आणि अशांतधाऱ्याच्या भागात बानाखतात (विक्रीच्या करारात) लिहून घ्या: परवानगी नाकारली तर बाना, म्हणजे इसार, पूर्ण परत.