टाचेवर पळणारे सगळे चुकतात, हे कुणी ठरवलं?

माझी ताई तीन वर्षं पळते आहे. आठवड्यातून चार दिवस, आणि कधी गुडघा दुखला नाही की कंबर. गेल्या महिन्यात तिला कुणीतरी एक मेसेज पाठवला आणि दोन आठवड्यांत ती कठडा धरून, बाजूला वळून जिना उतरायला लागली. पोटऱ्या दगडासारख्या. टाचेच्या वर, मागच्या बाजूला मी नुसतं बोट टेकवलं तर तिने पाय झटकन मागे घेतला.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. टाचेवर पळणं चुकीचं, त्याने गुडघे झिजतात. अव्वल धावपटू टाच टेकवतच नाहीत. चवड्यावर पळालात तर दम कमी लागतो. तेव्हा जाड बूट फेकून द्या आणि उद्यापासून चवड्यावर पळा.

मला सगळ्यात जास्त राग आहे तो त्या 'उद्यापासून'चा. पाऊल कसंही टेकवा, अंगाचा भार कुणीतरी पेलायचाच असतो. टाच आधी टेकली तर गुडघ्याला जास्त काम पडतं. चवडा आधी टेकला तर ते पोटरीवर, पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या दोरीसारख्या अकिलीज टेंडनवर आणि पावलातल्या बारीक हाडांवर जातं. भार नाहीसा होत नाही, फक्त खांदेपालट होते. आणि ज्या पोटरीने तीन वर्षं हे काम केलेलंच नाही, तिच्यावर ते एका रात्रीत टाकायचं? स्नायू त्यातल्या त्यात लवकर सरावतो. टेंडन आणि हाड मात्र महिने घेतात.

बूट फेकायला सांगणाऱ्यांनी 2013 सालचा संशोधक सारा रिज आणि सहकाऱ्यांचा अभ्यास बघावा. 36 सरावाचे धावपटू घेतले. त्यातल्या 19 जणांना दहा आठवड्यांत हळूहळू पातळ तळाच्या, पाच बोटांच्या बुटांवर आणलं, बाकीचे 17 आपल्या नेहमीच्या बुटांत पळले. शेवटी एमआरआय काढला तेव्हा 19 पैकी 10 जणांच्या पावलाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. दुसऱ्या गटात असे फारच कमी निघाले. ही गत दहा आठवडे सांभाळून केलेल्या बदलाची. ताईने तर बूट एका दिवसात बदलले.

अव्वल धावपटूंचं म्हणाल तर 2017 च्या लंडन जागतिक स्पर्धेतल्या मॅरेथॉनचं चित्रण अभ्यासकांनी तपासलं आहे. निम्म्याहून जास्त पुरुष आणि त्याहून मोठ्या प्रमाणात स्त्रिया टाचेवरच उतरत होत्या. जगातले निवडक धावपटू हे. विषय संपला.

दम कमी लागतो हेही खरं नाही. टाचेवर पळायची सवय असलेल्यांना चवड्यावर पळायला लावलं की त्यांचा प्राणवायूचा खर्च उलट वाढतो, असंच बहुतेक प्रयोगांत दिसलं.

गुडघ्यांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. टाच आपटते तेव्हा जमिनीकडून एक झटका बसतो आणि चवड्यावर तो जवळजवळ दिसत नाही, हे हार्वर्ड विद्यापीठातले संशोधक डॅनियल लीबरमन यांनी 2010 मध्ये दाखवलं. हार्वर्डच्याच 52 धावपटूंच्या एका पाहणीत टाचेवाल्यांना दुखापतीही जास्त झाल्या होत्या. पण ती एका कॉलेजची एक टीम. तेवढ्यावरून 'गुडघे झिजतात' म्हणणं हा निव्वळ आगाऊपणा आहे. ज्याचा गुडघा खरंच वारंवार दुखतो त्याने जाणकाराच्या देखरेखीखाली पाऊल बदलून बघावं, त्याला माझी ना नाही. ताईचा गुडघा दुखतच नव्हता!

बघायचंच असेल तर पाऊल शरीराच्या किती पुढे पडतं ते बघा. लांब ढांग टाकून, गुडघा ताठ ठेवून टाच पुढे आपटली तर खरंच ब्रेक लागतो. त्यावर उपाय म्हणजे त्याच वेगात मिनिटाला पडणारी पावलं पाच ते दहा टक्क्यांनी वाढवायची. ढांग आपोआप आखूड होते, गुडघ्यावरचा भार कमी होतो आणि टाच टेकते तशी टेकू द्यावी.

ताईचे जुने बूट मी माळ्यावरून काढून ठेवलेत. टाचेचा बाहेरचा कोपरा घासलेला आहे, तीन वर्षांच्या बिनतक्रार पळण्याने. सध्या ती फक्त चालते आहे. पोटरी मऊ पडली की तेच बूट घालून, तशीच पळणार आहे.