"तहान लागली म्हणजे उशीर झाला" हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

आमच्या रनिंग ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. "तहान लागली म्हणजे उशीर झाला, दर 15 मिनिटांनी ग्लासभर पाणी प्या, जितकं जास्त तितकं चांगलं, ओआरएस असेल तर काळजीच नाही." जानेवारीत मुंबईत पहिल्यांदाच फुल मॅरेथॉन पळणारे बरेच जण ग्रुपवर आहेत म्हणून लिहितोय.

तहान लागली म्हणजे उशीर झाला? नाही हो. रक्त एक-दोन टक्के घट्ट झालं की लगेच तहान लागते, तेवढ्याने कुणी कोसळत नाही.

दर 15 मिनिटांनी ग्लासभर, हे मात्र खरंच धोक्याचं आहे. म्हणजे तासाला लिटरभर, साडेपाच तासांत फुल पूर्ण करणाऱ्याच्या पोटात साडेपाच लिटर! पण तेवढा घाम सगळ्यांना येतो कुठे? गेल्या रविवारी मी आणि बायको मरीन ड्राइव्हला तासभर पळालो, आधी आणि नंतर अंग पुसून काट्यावर उभे राहिलो. मी 68.4 वरून 67.1, वर 300 मिली प्यायलो होतो, म्हणजे 1.6 लिटर घाम, टीशर्ट पिळला तर धार लागली. तिचा जेमतेम 600 मिली, रस्ता तोच आणि दमट हवाही तीच. तिने लिटरभर प्यायचं तर उरलेलं जाणार कुठे, कारण लांब पळताना शरीर बऱ्याचदा लघवी रोखून धरतं, मग रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि मेंदूला सूज येते. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 जणांचं रक्त तपासलं तर 13 टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, त्यात पळताना वजन *वाढलेले*, म्हणजे घामापेक्षा जास्त प्यायलेले, जास्त. त्याच रेसमध्ये 28 वर्षांची एक मुलगी असं सोडियम कमी झाल्यानेच गेली.

आणि ओआरएस. डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात लिटरला सोडियम 75 मिलिमोल (सोडियम मोजायचं एकक), रक्तात 135 ते 145, म्हणजे तेही रक्तापेक्षा पातळच, स्पोर्ट्स ड्रिंक तर त्याहून पातळ. जास्त ढोसलं तर तेही नडतं.

पाणी पिऊ नका असं अजिबात म्हणत नाहीये, तहान लागली की प्या, पोटभर प्या. पण पळताना कुणाची अंगठी घट्ट व्हायला लागली, डोकं दुखून उलटी झाली, असंबद्ध बोलायला लागला, तर "पाणी दे रे त्याला" करू नका, सरळ मेडिकल तंबूत न्या आणि किती पाणी प्यायलाय ते डॉक्टरांना आधी सांगा.