शेपूट

बिडाच्या तव्यावर मी आजवर साडेतीन हजार शब्द लिहिले आहेत. तो तेल लावून कसा तयार करायचा, घावन का चिकटतं, पहिली दोन घावनं कावळ्याला का घालावीत, सगळं. लेखाखाली खरेदीची लिंक. तिच्यावरून कुणी १,४०० चा तवा घेतला, की मला ७० रुपये. शुद्ध मराठीत याला दलाली म्हणतात. आई मात्र सोसायटीत 'तो ऑनलाइनमध्ये असतो' असं सांगते.

ॲमेझॉनने १९९६ साली ही योजना आणली तेव्हा मी शाळेत होतो, नाहीतर तेव्हाच सावध झालो असतो. लिंकच्या शेवटी माझा कोड असतो. मी त्याला शेपूट म्हणतो. लिंक दाबली की गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये माझ्या नावाची कुकी पडते, म्हणजे 'हे गिऱ्हाईक याने पाठवलं' अशी चिठ्ठी. पण बहुतेक दुकानांचा कायदा असा, की पैसे भरण्याआधी शेवटची चिठ्ठी ज्याची, कमिशन त्याचं. म्हणजे स्थळ मी सुचवायचं, पत्रिका मी जुळवायची, रुसलेल्या काकांची समजूत मी काढायची आणि मध्यस्थाचा आहेर कुणाला? मंडपात शेवटची अक्षता टाकणाऱ्याला!

गेल्या महिन्यात २१२ जणांनी लिंक दाबली. कमाई शून्य. इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला बोलावलं.

पहिला चोर घरातच सापडला. चुलतबहीण अभिमानाने म्हणाली, "दादा, केवढी लांब लिंक रे तुझी! मी प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं उडवलं आणि मग ग्रुपवर टाकली. कशी सुटसुटीत दिसते!" ग्रुपमधल्या चौघींनी तवे घेतले. २८० रुपये. भाऊबीज वेगळी.

दुसरा चोर पकडायला भाच्याने माझ्याच लॅपटॉपवर पैसे भरायचं पान उघडलं. कोपऱ्यातून एक चौकोन वर आला: 'थांबा, तुमच्यासाठी कूपन शोधतोय!' चक्र फिरफिर फिरलं. 'कूपन नाही, पण भाव उत्तम आहे.' आम्ही 'ठीक' दाबलं. त्या क्षणी मागच्या मागे एक टॅब उघडली, मिटली आणि माझी कुकी जाऊन त्या चौकोनाची बसली. कूपन न देण्याचं कमिशन! पेपालने सुमारे ४०० कोटी डॉलर मोजून घेतलेल्या 'हनी' या अशाच कूपन शोधणाऱ्या चौकोनावर २०२४ च्या डिसेंबरात हाच आरोप झाला आणि मोठमोठे यूट्यूबवाले कोर्टात गेले. आमचा चौकोन दुसराच, किरकोळ होता. ७० रुपयांसाठी मी कुठल्या कोर्टात जाणार?

"पण हे बसवलं कुणी?" मी कडाडलो.

"मामा, लॅपटॉप तुमचाच आहे."

चपलांवर ५० रुपये सुटतील म्हणून बसवलं होतं. सुटले नव्हते.

मग उपाय. भाच्याच्या मते स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या नावाचा पत्ता घ्यायचा, छोटी लिंक करायची. ती आधी माझ्याकडे येते आणि इथून शेपटासकट दुकानात जाते. दिसतच नाही तर कापणार काय? मात्र काही दुकानांना अशी झाकपाक चालत नाही, नियम वाचावे लागतात. (मी वाचले. त्या नादात घावन करपलं.) शिवाय डोमेनला वर्षाला ९०० रुपये, म्हणजे तेरा तवे विकले की नुसतं कुलूप फिटणार. आणि कुलूप दाराला, चोर गल्ल्यावर. त्या चौकोनाचं काय करायचं, तर वाचकांनाच विनवायचं, की बायांनो, तवा घेताना तेवढं बंद ठेवा. लिहिलं तसं. खाली एकीने विचारलं, "हे कूपनवालं कुठे मिळतं?"

आणि काल मावशीचा फोन. "अरे, तुझा तो लेख छापून घेतला आणि सरळ तुळशीबागेत गेले. दुकानदाराने उभ्या उभ्या सगळा वाचला. अकराशेला दिला मला तवा!"

"बरं झालं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"इतका आवडला त्याला, की झेरॉक्स काढून गल्ल्यापाशी लावलाय. गिऱ्हाइकं वाचून तवे नेतायत. खालची ती लांबलचक ओळ तेवढी त्याने कात्रीने कापली. म्हणाला, मावशी, हे शेपूट कशाला हवंय?"