इंदूरची मेट्रो नेमकी कुणी रखडवली?

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतोय. मजकूर साधारण असा: 'मेट्रो 2023 सालीच धावली होती, नेत्यांना मुहूर्त मिळेना म्हणून वीस महिने उभी ठेवली. पुण्या-नागपूरला झटपट झाली, इथे लोकांनी भुयारी मार्गाचा हट्ट धरून काम अडवलं. आता चालतेय ती रिकामी, म्हणजे सगळा पैसा पाण्यात.' यातला राग खरा आहे आणि तो मलाही येतो. पण संदेशातली कारणं बहुतेक चुकीची आहेत, आणि त्यामुळे ज्यांनी उत्तर द्यायला हवं ते मोकळे सुटतात.

आधी ते वीस महिने. 30 सप्टेंबर 2023 ला तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी हिरवा झेंडा दाखवला. ती फक्त चाचणी होती. गाडी रुळावरून सरकते, एवढंच त्यातून कळतं. प्रवासी बसवायचे तर त्यापुढे बरंच काही लागतं. रुळाशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून 750 व्होल्टचा प्रवाह वाहतो, त्याची सुरक्षा तपासावी लागते. सिग्नल, ब्रेक, आग लागली तर लोकांना बाहेर काढायची वाट, स्थानकांवरचे जिने आणि लिफ्ट, सगळं जागेवर असावं लागतं. लखनौची आरडीएसओ, म्हणजे रेल्वेची संशोधन आणि मानक संस्था, डब्यांचे हेलकावे मोजून किती वेगाने गाडी चालवायची ते ठरवून देते. शेवटी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त स्वतः येऊन पाहणी करतात. 2002 च्या कायद्यानुसार ही पाहणी आणि परवानगी झाल्याशिवाय एकही प्रवासी बसवता येत नाही. चाचणीच्या वेळी सुपर कॉरिडॉरवरची, म्हणजे मेट्रोचा पहिला टप्पा ज्या रस्त्यावर आहे तिथली स्थानकंच अर्धवट होती. त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने ती पाहिली आहेत.

म्हणजे तयार गाडी मुद्दाम अडवून धरली, असं झालं नाही. झालं ते उलट. विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरात होती, आचारसंहिता तोंडावर आली होती, आणि अर्धवट कामावर झेंडा दाखवून 'मेट्रो आली' असं वातावरण तयार केलं गेलं. माझ्या मते लोकांची खरी फसगत तिथे झाली. त्या दिवसापासून प्रत्येकाच्या मनात मेट्रो 'तयार' होती, मग पुढचा प्रत्येक महिना उशीरच वाटणार. मुहूर्ताच्या आरोपात एक अंश खरा आहे, तोही सांगतो. सुरक्षा आयुक्तांची परवानगी आल्यावरही काही आठवडे वाट पाहिली गेली आणि 31 मे 2025 ला, अहिल्यादेवींच्या 300 व्या जयंतीला, पंतप्रधानांनी भोपाळहून उद्घाटन केलं. त्या आठवड्यांचा जाब जरूर विचारावा. वीस महिन्यांचं खापर मात्र मुहूर्तावर फोडता येत नाही.

'पुण्या-नागपूरला झटपट झाली' यातलं नागपूरचं बरंचसं खरं आहे. तिथे 2015 मध्ये काम सुरू झालं आणि मार्च 2019 मध्ये लोक गाडीत बसले. पुण्याचं तसं नाही. डिसेंबर 2016 मध्ये भूमिपूजन, मार्च 2022 मध्ये उद्घाटन, म्हणजे सव्वापाच वर्षं. आपल्याकडे 14 सप्टेंबर 2019 ला तेव्हाचे मुख्यमंत्री कमलनाथ यांनी पायाभरणी केली, तिथपासून पावणेसहा वर्षं. मध्ये कोरोना आला, मार्च 2020 मध्ये सरकार बदललं. वर्षांचा फरक फार नाही. बोचणारा फरक अंतराचा आहे. पुण्यात पहिल्याच दिवशी सुमारे 12 किलोमीटर सुरू झाले, आपल्याला मिळाले जेमतेम 6. तुलना करायचीच तर ही करा.

आता लोकांच्या 'हट्टा'विषयी. हा मुद्दा वाचून मला सर्वात जास्त वाईट वाटलं. इंदूरची मेट्रो वर्तुळाकार आहे, साधारण 31 किलोमीटरची. पहिल्यांदा सुरू झालेला टप्पा गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर-3 स्थानक. भुयारी मार्गाचा वाद आहे तो खजराणा, पलासिया, राजवाडा, बडा गणपती या भागातला, म्हणजे दुसऱ्या बाजूचा. राजवाड्याच्या व्यापाऱ्याने घेतलेल्या हरकतीमुळे सुपर कॉरिडॉरचं स्थानक कसं काय थांबेल? आणि ती हरकत तरी काय होती? सराफा, बर्तन बाजार, सीतलामाता बाजार इथल्या गल्ल्या ज्याने पाहिल्यात, त्याला तिथे खांब उभे करण्याचा विचारही सुचणार नाही. मूळ आराखड्यातही राजवाड्याखालून भुयारच होतं. प्रश्न एवढाच होता की गाडीने जमिनीखाली कुठून शिरायचं. केंद्राची मंजुरी ऑक्टोबर 2018 ची, आणि खजराण्यापासूनच खाली न्यायचं हे राज्य सरकारने मान्य केलं 2025 मध्ये. त्यापायी खर्च शेकडो कोटींनी वाढणार. पायाभरणीआधी चार सभा घेऊन इथल्या रहिवाशांना नकाशा दाखवला असता तर हे तेव्हाच निकाली निघालं असतं. तो नकाशा दाखवणं रहिवाशांच्या हातात नव्हतं.

रिकाम्या डब्यांचं कारण उघड आहे. आमच्या शेजारची मुलगी सुदामानगरहून सुपर कॉरिडॉरच्या एका आयटी कंपनीत जाते. मेट्रो धरायची तर आधी गांधीनगर गाठायचं, आणि तिथवर पोचेपर्यंत तिची निम्म्याहून जास्त वाट संपलेली असते. मग ती ॲक्टिव्हा सोडेल कशाला? पहिला आठवडा तिकीट नव्हतं तेव्हा हौशी लोकांची झुंबड होती, नंतर प्रवासी रोडावले आणि फेऱ्याही कमी झाल्या. त्यावरून शहराला मेट्रो नको, असा निष्कर्ष निघत नाही. एबी रोडवर 2013 पासून स्वतंत्र मार्गाने धावणाऱ्या आयबस या शहर बसला रोज केवढी गर्दी असायची ते आपण पाहिलंय, आणि तिचा तो स्वतंत्र मार्ग उखडून टाकायचा आदेशही 2025 मध्येच झाला. गाडी जिथे माणसं राहतात तिथून जाऊ द्या, मग डबे मोजू.

म्हणून हा संदेश पुढे ढकलण्याऐवजी आपल्या नगरसेवकाला आणि खासदाराला लेखी विचारा: पुढच्या प्रत्येक टप्प्याचं स्थानकाचं काम कधी पुरं होणार, आरडीएसओची चाचणी कधी, आणि सुरक्षा आयुक्तांना पाहणीसाठी कोणत्या तारखेला बोलावणार? या तीन तारखा प्रत्येक स्थानकाबाहेरच्या पत्र्यांवर मोठ्या अक्षरांत लावायला सांगा, आणि एखादी चुकली तर कारणही तिथेच लिहायला लावा.