कार्टव्हील न येणाऱ्या प्रशिक्षिकेची अर्धीच गोष्ट

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला पाच-सहा ठिकाणांहून आला. पालकांच्या ग्रुपवर, शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर, एका क्रीडाशिक्षकांकडूनही. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या महिला जिम्नॅस्टिक्स संघाला व्हॅलरी कोंडोस फील्ड या बाईंनी सात वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं आणि त्यांनी स्वतः आयुष्यात एक कोलांटीही मारलेली नाही. खेळ येत नव्हता, माणसं घडवता येत होती; पहिल्या दिवसापासून प्रेमाने माणसं जिंकली, आणि तेवढ्यावर एकट्या बाईंनी सगळं जिंकलं. तेव्हा तंत्र दुय्यम. मुलांना प्रेरणा देता आली की कोणीही उत्तम प्रशिक्षक होऊ शकतो.

मी चौदा वर्षं लहान मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवते. या बाईंबद्दल मला फार आदर आहे. त्यांच्या मुली बीमवर (अरुंद तुळईवर) चढल्या की मी हातातलं काम बाजूला ठेवून बघत बसायचे. म्हणून त्यांच्या नावावर हे असलं काही फिरायला लागलं की जीव तळमळतो. आणि हा मेसेज नुसता वाचून सोडून दिला जात नाही, त्यावर निर्णय घेतले जातात. एका शाळेत (नाव घेत नाही) जिम्नॅस्टिक्सची बॅच नृत्याच्या शिक्षिकेच्या गळ्यात घातली गेली, तेव्हा बैठकीत हाच मेसेज वाचून दाखवला होता. पुढे काय झालं ते नंतर सांगते.

आधी त्यातलं खरं काय ते सांगते. सात विजेतेपदं खरी आहेत: 1997, 2000, 2001, 2003, 2004, 2010 आणि 2018. त्या जिम्नॅस्ट नव्हत्या, हेही खरं. निवृत्तीनंतरच्या एका भाषणात त्यांनीच सांगितलं आहे की मी कधी कार्टव्हील (हात टेकून बाजूने घेतलेली चाकासारखी उडी) केलेलं नाही आणि तुम्हाला नीट कार्टव्हील शिकवूही शकणार नाही. मराठीत येताना कार्टव्हीलची कोलांटी झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या सगळ्या निष्कर्षांबद्दल.

"त्यांना खेळ येत नव्हता" हे पहिलं वाक्य घेऊ. व्हॅलरी बॅलेमध्ये वाढल्या, व्यावसायिक बॅले कंपनीत नाचल्या. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्या यूसीएलएच्या जिममध्ये आल्या त्या फ्लोअर (मॅटवर संगीतासह करायचा प्रकार) आणि बीमच्या रचना बसवायला. मुख्य प्रशिक्षक झाल्या 1990-91 च्या हंगामापासून. म्हणजे मधली सात-आठ वर्षं त्या त्याच हॉलमध्ये, त्याच मुलींबरोबर, रोज होत्या. रस्त्यावरून उचलून कोणी त्यांना त्या खुर्चीत बसवलं नव्हतं. इतकी वर्षं रोज बारकाईने बघणारा माणूस स्वतः उडी न मारताही पुष्कळ शिकतो. लँडिंगला कोणाची टाच उचलली जाते, कोण उडी घेण्याआधी श्वास रोखून धरते, हे त्याला दुरून दिसायला लागतं.

आणि नाच म्हणजे तंत्र नव्हे, हे कोणी ठरवलं? या मेसेजमधली सगळ्यात मोठी चूक मला इथे दिसते, म्हणून जरा थांबून सांगते. बीम 10 सेंटिमीटर रुंद, 5 मीटर लांब, जमिनीपासून 125 सेंटिमीटर उंच. त्यावर जास्तीत जास्त दीड मिनिट. त्या दीड मिनिटात मागे-पुढे कोलांट्या असतात, तशा स्प्लिट लीप (हवेत पाय पसरून घेतलेल्या झेपा) असतात, एका पायावरच्या गिरक्या असतात. लीपमध्ये पाय 180 अंशांत उघडले नाहीत तर गुण कापले जातात. पायाचा पंजा ताणलेला नसला, गुडघा सैल पडला, गिरकी पूर्ण व्हायच्या आत टाच टेकली, की 0.05 किंवा 0.10 गेले. हे सगळं बॅलेचं घराणं आहे. वर्षानुवर्षं बॅलेच्या बारला (आधाराच्या दांड्याला) धरून जे पाय घोटून घेतात ते हेच. ज्या बाईंनी आयुष्य त्यात काढलं, त्यांना "तंत्र येत नव्हतं" म्हणणं मला तरी जमणार नाही.

आता 0.05 म्हणजे किती, ते 2018 च्या अंतिम फेरीत बघा. एप्रिल महिना, सेंट लुईस शहर. कॉलेज जिम्नॅस्टिक्समध्ये प्रत्येक साधनावर सहा जणी उतरतात, पाच जणींचे गुण धरतात. चार साधनं (धावत येऊन टेबलावरून झेप म्हणजे व्हॉल्ट, वर-खाली दोन दांडे म्हणजे बार, बीम आणि फ्लोअर), दहापैकी गुण, म्हणजे संघाचे जास्तीत जास्त 200. शेवटच्या फेरीत यूसीएलए बीमवर होता आणि ओक्लाहोमा विद्यापीठाच्या संघाच्या मागे होता. सगळ्यात शेवटी चढली ती क्रिस्टीन पेंग-पेंग ली, कॅनडाची मुलगी. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकच्या आधी तिचा गुडघा गेला होता, नंतर कॉलेजमध्येही दुखापतीत काळ गेला, आणि हे तिचं सहावं वर्ष, शेवटची रचना. त्याच संध्याकाळी बारवर तिने 10 घेतले होते. बीमवरही 10 मिळाले. यूसीएलए 198.0750, ओक्लाहोमा 198.0375. फरक 0.0375. पंचांनी तिला 10 ऐवजी 9.95 दिले असते तर यूसीएलएचे 198.0250 झाले असते आणि करंडक ओक्लाहोमाला गेला असता. एका पंजाची किंमत! ज्यांना वाटतं की ते विजेतेपद भाषणांनी मिळालं, त्यांनी ते दीड मिनिट एकदा आवाज बंद करून, फक्त पाय बघत पाहावं.

दुसरं वाक्य: "एकट्या बाईंनी हे केलं." मेसेजमध्ये दुसऱ्या कोणाचं नावच नाही. ख्रिस वॉलर अमेरिकेकडून 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये खेळला. तो त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं प्रशिक्षक होता आणि 2019 मध्ये त्या निवृत्त झाल्यावर मुख्य प्रशिक्षकाची जागा त्यालाच मिळाली. 2011 ची ऑल-अराउंड (सगळ्या साधनांचे गुण मिळून) विश्वविजेती आणि 2012 ची ऑलिम्पिक सुवर्णविजेती जॉर्डिन वीबर याच संघात प्रशिक्षणाचं काम शिकली, आणि 2019 मध्ये आर्कान्सा विद्यापीठाची मुख्य प्रशिक्षक झाली. बारवरची रिलीज (दांडा सोडून परत पकडणं), व्हॉल्टचं धावणं, टम्बलिंग (सलग कोलांट्या) शिकवायला ते येणारी माणसं हॉलमध्ये उभी होती. बाईंनी ती गरज ओळखली, त्या माणसांना जागा दिली, त्यांच्यावर विश्वास टाकला. हे त्यांचं मोठेपण मी शंभरदा मान्य करीन. पण त्यातून "तंत्र नको" हे कसं निघतं, ते मला कोणी समजावून सांगावं.

इथे काही जण युटा विद्यापीठाच्या ग्रेग मार्स्डनचं उदाहरण पुढे करतात. तोही जिम्नॅस्ट नव्हता, 1975 पासून 2015 पर्यंत 40 वर्षं प्रशिक्षक होता, 10 राष्ट्रीय विजेतेपदं. बरोबर. आणि त्याची पत्नी मेगन 1983 आणि 1984 ची एनसीएए (अमेरिकेतली राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा) ऑल-अराउंड विजेती, जी खेळणं संपल्यावर वर्षानुवर्षं त्याच संघाला शिकवत होती. तिचं नाव हे लोक का घेत नाहीत?

तिसरा मुद्दा मेसेजमध्ये लिहिलेला नाही, गृहीत धरलेला आहे: जणू कॉलेजच्या प्रशिक्षकाकडे कोऱ्या पाटीची मुलगी येते आणि तो तिला शून्यापासून घडवतो. तसं नसतं. 2018 च्या त्या संघात कायला रॉस होती, लंडन ऑलिम्पिकची सांघिक सुवर्णविजेती. मॅडिसन कोशियन होती, रिओ ऑलिम्पिकचं सांघिक सुवर्ण आणि बारवरचं रौप्य घेऊन आलेली. केटलिन ओहाशीने 2013 च्या अमेरिकन कपमध्ये पुढे ऑलिम्पिक गाजवणाऱ्या सिमोन बाइल्सला मागे टाकलं होतं. या मुलींना कार्टव्हील कोणीतरी त्या पाच-सहा वर्षांच्या असताना शिकवलं होतं, आणि तसं ते शिकवणाऱ्याला येत होतं. अठराव्या वर्षी त्या कॉलेजला येतात तेव्हा अंगात कौशल्य ठासून भरलेलं असतं आणि त्याबरोबर शस्त्रक्रिया झालेले खांदे, दुखरी पाठ आणि खेळाबद्दलचा कंटाळाही. तिथल्या मुख्य प्रशिक्षकाचं काम वेगळंच असतं. कोणाला आठवडाभर उड्या बंद ठेवायच्या, बीमवर शेवटी कोणाला पाठवायचं, कोणाचा मनावरचा ताण आधी उतरवायचा. ते काम अवघड आहे, पण पहिलीतल्या मुलीला हँडस्टँड शिकवण्याचं ते काम नव्हे. दोन्हीला "कोच" हा एकच शब्द आहे म्हणून घोटाळा होतो.

केटलिनचं नाव निघालं आहे तर तिच्या व्हिडिओबद्दलही. जानेवारी 2019 मधली तिची फ्लोअरची रचना, 10 पैकी 10, जगभर कोट्यवधी लोकांनी पाहिली. आपल्याकडे ती "आनंदाने खेळलं की पैकीच्या पैकी मिळतात" अशा ओळीसकट फिरते. तिचं हसू खरं होतं, मलाही बघताना भरून येतं. पण पंच हसण्याला गुण देत नाहीत. उंच उडीतून ती थेट स्प्लिटमध्ये जमिनीवर आदळते आणि चेंडूसारखी परत उसळते, त्यासाठी मांड्यांचे आणि कंबरेचे स्नायू किती वर्षं तयार करावे लागतात, हे त्या हॉलमध्ये घाम गाळलेल्यालाच कळेल. आणि त्या हंगामाचा शेवट मेसेजवाले सांगत नाहीत: 2019 च्या अंतिम फेरीत यूसीएलए तिसरा आला, ओक्लाहोमा जिंकला. आनंद तोच होता, मुलीही त्याच होत्या. बाईंच्या 29 हंगामांपैकी 22 हंगामांत विजेतेपद मिळालं नाही. त्या 22 हंगामांत प्रेरणा कमी पडली होती का?

"पहिल्या दिवसापासून प्रेमाने माणसं जिंकली", हे तर बाईंच्याच शब्दांच्या विरुद्ध आहे. त्यांनी स्वतः सांगितलं आहे की सुरुवातीची वर्षं त्यांनी जिंकणाऱ्या इतर प्रशिक्षकांची नक्कल केली: कठोर बोलणं, दया न दाखवणं, हट्टाने मागे लागणं. शेवटी मुलींनीच बैठक मागितली आणि दोन तास एकेक उदाहरण देऊन सांगितलं की तुमच्या उर्मटपणाने आम्ही किती दुखावलो. त्या ऐकत राहिल्या. पहिलं विजेतेपद आलं ते सातव्या हंगामात. ज्यांच्या विचारांनी त्यांना दिशा दिली ते जॉन वुडन, यूसीएलएच्या बास्केटबॉल संघाला 1964 ते 1975 या 12 वर्षांत 10 विजेतेपदं मिळवून देणारे प्रशिक्षक. आपण जितके चांगले होऊ शकतो तितके होण्यासाठी सगळं केलं, या जाणिवेतून मिळणारं समाधान म्हणजे यश, ही त्यांची व्याख्या. हेही वाक्य सुविचारासारखं फिरतं. पण हेच वुडन हंगामाच्या पहिल्या दिवशी खेळाडूंना मोजे कसे घालायचे ते शिकवायचे. पायमोज्याला बोटांपाशी, टाचेपाशी सुरकुती राहता कामा नये, नाहीतर फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. मग बुटाची नाडी. प्रेरणेचा महामेरू म्हणून ज्यांना मिरवतात, ते स्वतः खेळाडू म्हणून नावाजलेले होते आणि सुरुवात मोज्याच्या सुरकुतीपासून करत होते.

आता ती शाळा. फ्लिक, म्हणजे मागे हातांवर झेप, शिकवताना सपोर्ट देणारा मुलीच्या बाजूला गुडघा टेकून बसतो. एक हात तिच्या कमरेखाली, दुसरा मांडीच्या मागे. मुलगी मागे झेपावते आणि अर्ध्यात घाबरते. घाबरली की कोपर वाकतात, कोपर वाकले की हाताच्या आधी डोकं खाली येतं. त्या क्षणी कमरेखालच्या हाताने तिला वर उचलून पुढे न्यायचं असतं. विचार करायला वेळ नसतो, हातालाच ते माहीत असावं लागतं. माझ्या हाताला ते कळायला दोन वर्षं लागली, तेही माझ्या सरांनी शेजारी बसून माझ्या मनगटावर हात ठेवून शिकवलं म्हणून. त्या शाळेतल्या नृत्यशिक्षिकेला हे कोणी कधी दाखवलंच नव्हतं. तिने जीव तोडून प्रयत्न केला, मुलींना ती फार आवडायची, तिच्या तासाला मुली पळत यायच्या. एका नऊ वर्षांच्या मुलीचं मनगट मोडलं. शिक्षिका रात्रभर रडली. दोष तिचा नव्हता. तिला तिथे उभं करणाऱ्यांचा होता, आणि त्या बैठकीत मेसेज वाचून झाल्यावर माना डोलावणाऱ्यांचाही.

पालकांना माझं एवढंच सांगणं आहे की प्रवेश घेताना हॉलमध्ये अर्धा तास बसा. सपोर्ट कोण देतंय, त्याचे हात कुठे आहेत ते बघा. मॅटच्या फटी बंद आहेत का बघा. मुलगी पडली तर सर आधी काय करतात ते बघा. प्रशिक्षक गोड बोलतात का, हेही जरूर बघा, त्याने फरक पडतो, फार पडतो.

ती नृत्यशिक्षिका आता दर शनिवारी सकाळी माझ्या हॉलवर येते. मीच तिला बोलावलं. माझ्या मुलींच्या लीप बरीच वर्षं जड होत्या, आणि मी कितीही ओरडले तरी पंजे शेवटच्या क्षणी सैल पडायचे. तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना बीमच्या कडेला एका रांगेत उभं केलं आणि पाऊण तास फक्त घोट्यापासून बोटांपर्यंत पाय ताणायला लावले. मुली कंटाळल्या, ती कंटाळली नाही. बीमची पहिली वीस मिनिटं तिची. मग फ्लिक सुरू होतात, ती मागे सरकते आणि मी गुडघा टेकून बसते.