पहिल्याच सेमिस्टरला एम-वनची केटी कशी मिळवावी

बारावी झाली, सीईटी झाली, पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगला नंबरही लागला. अभिनंदन! दोन वर्षं क्लासवाल्यांनी नोट्सपासून टेस्टपर्यंत सगळं हातात आणून दिलं; इथेही कुणीतरी देईलच, या भरवशावर राहा. केटीची, म्हणजे नापास विषय डोक्यावर घेऊन पुढच्या वर्षात जाण्याची, निम्मी तयारी तिथेच होते.

एम-वन म्हणजे इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स-वन; इथला हिशोब त्याच्या 2019 च्या पॅटर्नचा. त्याच्या पहिल्या लेक्चरला सर फळ्यावर रोलचं प्रमेय लिहितात. हे बारावीत झालंय, असं शेजाऱ्याला ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणा आणि मागच्या बाकावर जा. टेलर सिरीज होऊन फोरिअर सिरीज सुरू होईपर्यंत तिथून हलू नका. फोरिअरमध्ये इंटिग्रेशन बाय पार्ट्स कधी दोनदाही करावं लागतं आणि cos nπ म्हणजे (-1)ⁿ हे लक्षात ठेवावं लागतं. तुम्ही ते शून्य धरा, गणित भराभर सुटतं. हार्मोनिक ॲनालिसिसला x अंशांत दिलेला असताना कॅल्क्युलेटर रेडियनवरच राहू द्या. अख्खा तक्ता भरून होतो, अक्षर सुंदर येतं, फक्त जवळजवळ एकही आकडा बरोबर नसतो.

आता इन-सेम, म्हणजे सेमिस्टरच्या मधली परीक्षा. 2019 च्या पॅटर्नमध्ये ती 30 मार्कांची असायची, पहिल्या दोन युनिटांवर. एंड-सेम, म्हणजे शेवटची, 70 ची, उरलेल्या चारांवर. पास व्हायला दोन्ही मिळून 40 लागायचे. इन-सेमला 22 पाडणाऱ्याला पुढे 70 पैकी 18 पुरायचे, म्हणून तो मोह टाळा. 5 मिळवा. मग 70 पैकी 35 हवेत, आणि तेवढे मिळवण्याच्या तयारीला पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, आहेच. पीएलचे पहिले काही दिवस मात्र सबमिशनमध्ये जातात, हे कुणाला सांगू नका.

सबमिशन हा खरा अभ्यासक्रम. जर्नल, म्हणजे प्रयोगवही, आठवड्याला एक प्रयोग या हिशोबाने लिहिलं तर अर्ध्या तासाचं काम, म्हणून तेरा आठवडे थांबा. एकाने घेतलेली रीडिंग्ज मग अख्ख्या बॅचने उतरवावीत, दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत आणि त्याच्या बेरजेच्या चुकीसकट. ओरलला एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, ‘हे रीडिंग कसं घेतलं?’ विचारलं की खाली बघायचं. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या, म्हणजे ग्राफिक्सच्या, शीटला जीटी मारा: काच, खाली दिवा, वर मित्राची शीट, त्यावर आपली. रेषा अप्रतिम येतात. फर्स्ट अँगलमध्ये टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली का येतो, हे डोक्यात शिरायची भीती नाही, कारण डोक्याचा या कामात संबंधच येत नाही.

या गडबडीत वर्गात मॅट्रिक्स चालू असतात, शेवटची दोन युनिटं. सबंध पेपरातले सगळ्यात खात्रीचे मार्क इथे आहेत: रँक, आयगेन व्हॅल्यू, केली-हॅमिल्टन, पायऱ्या ठरलेल्या. नेमकी हीच लेक्चरं बुडवावीत. फाइलवर सही घ्यायला दुसरी वेळ कुठे मिळते? आयगेन व्हॅल्यूंची बेरीज मुख्य कर्णाच्या बेरजेइतकी येते का, हे पेपरात तपासू नका. दहा सेकंदांत चूक सापडली तर सगळ्या कष्टांवर पाणी.

हजेरी 75 टक्क्यांच्या जरा खाली ठेवा. डिफॉल्टर यादीत नाव लागलं की जादा असाइनमेंट मिळतात, त्या लिहिताना उरलेली पीएल संपते. आदल्या रात्री सोडवलेल्या प्रश्नपत्रिका उघडा आणि नुसत्या वाचा. पेन हातात धरलं की काय येत नाही ते कळतं.

पुढचं आपोआप होतं. सेकंड इयरला एम-थ्री भेटतो, काही शाखांत त्यात लाप्लास आणि फोरिअर ट्रान्सफॉर्म. शेजारी एम-वनची केटी, दोन्ही एकाच परीक्षेच्या मोसमात. फर्स्ट इयर पूर्ण सुटल्याशिवाय थर्ड इयरला घेत नाहीत, हा नियम तोवर वाचू नये.

घरी सांगायचं वाक्य तेवढं आत्ताच पाठ करून ठेवा: ‘पेपरच हार्ड होता, अख्ख्या वर्गाचा गेला.’ सोसायटीतलं कुणी त्याच वर्गात नाही ना, एवढं आधी बघून घ्या.