टाकीचा बॉल आणि बंड्याची पॉलिसी

परवा रात्री जुळे सोलापुरातल्या आमच्या कट्ट्यावर बंड्या लई खुशीत आला आणि बसायच्या आधीच मेस्त्रीला म्हणाला, गच्चीचं वॉटरप्रूफिंग कॅन्सल, आपल्या घराला इन्शुरन्स हाय आता. मेस्त्री चहा फुंकत होता, दोन उन्हाळे बंड्या त्याला "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतोय त्यामुळं त्याला काय धक्का बसला नाही, पण मास्तरांनी चष्मा वर केला.

"इन्शुरन्स काढला म्हणून गच्ची गळायची थांबती का बे?"

"गळू द्या की. कंपनी भरून देईल, हप्ता कशाला भरायलोय मग?"

इथून जे पेटलं ते साडेअकरापर्यंत.

यात तोंड घालायचा हक्क मला होता कारण मी यातनं गेलोय. आपल्याकडं नळाला पाणी कसं येतंय ते सोलापूरकराला सांगायला नको, काही दिवसांआड आणि ते पण कधी रात्री अडीचला. तर मी मोटर चालू करून आडवा झालो आणि डोळा लागला. टाकी भरली की पाणी बंद करणारा तिच्यातला बॉल कधीचाच अडकत होता, दर वेळी वर जाऊन काठीनं ढोसून यायचो, दीडदोनशे रुपड्यांची वस्तू बदलायला सहा महिने मुहूर्त लागला नव्हता. टाकी रात्रभर वाहिली, गच्चीच्या पाइपात कबुतरानं काड्या भरलेल्या, पाणी तुंबलं आणि पहाटे बेडरूमचा गिलावा धाडकन पलंगावर. पोरगं त्या दिवशी आजीजवळ झोपलं होतं म्हणून बरं.

माझी पॉलिसी होती, भारत गृह रक्षा, 1 एप्रिल 2021 पासून जनरल इन्शुरन्स कंपन्यांनी आणलेली घराची पॉलिसी. त्यात आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर यांच्यासोबत पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून, भरून वाहून झालेलं नुकसानही धरलेलं असतं. म्हणून मी निवांत. नुकसान बघायला सर्व्हेअर आला, छताला काठीनं टकटक करत फिरला, कुठं टणक वाजायचं कुठं बद्द. कोपऱ्यात आला आणि थांबला. तिथं पिवळे डाग होते, टेबलावर चहाचा कप रोज ठेवल्यावर उमटतात तसे एकाबाहेर एक. "हे कधीचं?" मी तोंड उघडायच्या आत आमचे वडील म्हणाले, "हे चार वर्षांपासून हाय की."

झालं. पडलेल्या गिलाव्याचे आणि कपाटाचे मिळाले, कोपऱ्यातल्या गंजलेल्या सळ्या आणि तिथली ओल माझ्या माथी. तेव्हा मी लई शिव्या घातल्या, आता म्हणतो बरोबर होतं त्याचं. जाताना तो एवढंच म्हणाला, दुरुस्ती केली की बिल टाकून देऊ नका, उद्या हेच दाखवता येतं.

मास्तर म्हणाले, "बघ बंड्या, ते तारीख विचारतात. नुकसान कुठल्या दिवशी झालं? टाकी वाहिली त्याला रात्र हाय, वीज पडली त्याला दिवस हाय. तुझ्या गच्चीच्या ओलीला काय तारीख सांगणार? श्रावण?"

बंड्या म्हणाला म्हणजे घर नीट ठेवलं की पॉलिसीची गरजच नाही, मग मी हप्ता बंद करतो. हे त्याचं नेहमीचं, एका टोकावरून सुटला की थेट दुसऱ्या टोकाला.

इतका वेळ गप्प बसलेले अण्णा तेव्हा बोलले. त्यांचं गाव उमरग्याकडचं. "आमच्या बापानं दर वर्षी पावसाच्या आधी माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, पांढरी माती टाकली, एक वर्ष चुकवलं नाही. थेंब गळत नव्हता घर. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तीच वर्षानुवर्षांची माती वजन होऊन खाली आली, भिंती दगडमातीच्या, काय टिकणार." थोडा वेळ कुणीच काय बोललं नाही. मग मेस्त्री म्हणाला, 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा नवीन रंग दिलेली घरं पण पाण्यात होतीच की.

विषय मग वायरिंगवर गेला. मेस्त्रीच्या पाहुण्याचा एसी एप्रिलात शॉर्ट होऊन जळाला आणि पडदे पेटले. मी सांगितलं की शॉर्ट सर्किटनं जे यंत्र स्वतः जळतं त्याचे या पॉलिसीत मिळत नाहीत, तिथून आग पसरून जे जळतं त्याचे मिळतात. बंड्या म्हणाला हा तर अन्याय झाला. मी म्हणलं, वीस वर्षांच्या वायरीवर दीड टनाचा एसी लावायला कंपनी आली नव्हती.

"ते जाऊ द्या, माझी पॉलिसी भारी हाय," बंड्या म्हणाला, "होम लोन करतानाच दिली, एकदम पंधरा वर्षांची." मास्तरांनी मोबाईल मागितला. पीडीएफ उघडली, बोटांनी मोठी केली, खाली गेले, परत वर आले.

"बंड्या, हे घराचं नाही बे. हे कर्जाचं हाय. तू मेलास तर बँकेचं राहिलेलं कर्ज फिटतंय."

"आणि गच्ची?"

"गच्ची गळतच राहती."

मेस्त्री इतका हसला की चहा सांडला. बंड्यानं दोनदा स्वतः वाचून बघितलं, मग जरा हळू आवाजात विचारलं, "मेस्त्री, ते वॉटरप्रूफिंग कितीत म्हणला होतास?" मेस्त्री म्हणाला, तो गेल्या वर्षीचा रेट होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला, घरून, पाणी आलंय. मागोमाग मास्तरांचा वाजला. दोन मिनिटांत कट्ट्यावर फक्त ग्लास राहिले.